काम टीमचं, दुखणं एकाचं

ओपीडीत एक ठरावीक प्रकारचं दुखणं घेऊन येणारी माणसं असतात. मान आखडलेली, पोटात जळजळ, रात्री दोन-तीनला उघडणारे डोळे, आणि मोजलं की १५०/९६ च्या घरातलं ब्लड प्रेशर. रक्त तपासलं, ईसीजी काढला, तरी फार काही हाती लागत नाही. मग विचारावं लागतं, "काम काय करता?" कुणी शिक्षक असतात, कुणी बँकेत, कुणी जिनिंगवर सुपरवायझर, कुणी मोंढ्यात मुनीम, कुणी नर्स. पण पुढचं वाक्य जवळपास सगळ्यांचं एकच असतं: "डॉक्टर, माणसं सहा आहेत हो, पण काम मी एकटाच करतो."

आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. 'टीममध्ये प्रत्येकाने आपलं सर्वोत्तम द्यावं' असं सगळेच साहेब सांगतात. पण ते येतं कशाने आणि अडतं कशाने, याचा विचार फारसा होत नाही. माझं मत असं आहे की ज्या टीममध्ये एक जण मरमर करतो आणि बाकीचे पाट्या टाकतात, तिथे दोष बहुतेक वेळा कामाच्या मांडणीत असतो. आपण मात्र तो माणसांच्या स्वभावावर ढकलतो. मांडणी बदलता येते. आणि हा प्रश्न एकट्या साहेबांचा नाही, तुमच्या झोपेचा आणि हृदयाचाही आहे.

दोरी ओढणारे आठ जण

मॅक्स रिंगेलमन नावाचे एक फ्रेंच शेती-अभियंता होते. जनावरं, यंत्रं आणि माणसं किती जोर लावू शकतात, याचा ते अभ्यास करत. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावली आणि जोर मोजला. एकटा माणूस ओढतो तेव्हाचा जोर १०० धरा. दोघं मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर ९३ च्या आसपास आला. तिघांत तो ८५ झाला. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकी जेमतेम ४९! म्हणजे आठ जणांची टीम चार जणांइतकंच ओढत होती. हे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, हे याचं एक कारण. पण तेवढंच नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत विद्यार्थ्यांवर असेच प्रयोग झाले. त्यांना जोरात ओरडायला सांगितलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. 'तुमच्यासोबत आणखी काही जण ओरडताहेत' असं सांगितलं, पण खरं तर प्रत्येक जण एकटाच ओरडत होता. तरीही आवाज एकट्याच्या वेळेपेक्षा कमी आला. पुढच्या प्रयोगांत 'गटातही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजणार आहोत' असं सांगितलं, तेव्हा ही ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली.

हे कामचुकार म्हणून निवडलेले लोक नव्हते, चारचौघांसारखी मुलं होती. आपला वाटा गर्दीत बुडून जाणार आहे असं वाटलं, की कुणाचाही हात थोडा ढिला पडतो. तुमचाही पडेल, माझाही पडेल.

आपल्याकडे हे फार आधीपासून माहीत आहे. अकबर-बिरबलाची म्हणून सांगितली जाणारी दुधाच्या हौदाची गोष्ट आठवा. प्रत्येकाने रात्री एक भांडं दूध हौदात ओतायचं होतं. प्रत्येकाला वाटलं, एवढ्या दुधात माझं एक भांडं पाणी कुणाला कळणार? सकाळी हौद पाण्याने भरलेला. आपण या गोष्टीचं तात्पर्य 'लोक लबाड असतात' असं काढतो. डॉक्टर म्हणून मला त्यात दुसरी गोष्ट दिसते: रात्रीची वेळ, एकच हौद, आणि कुणाचं भांडं कुठलं हे कळायची काहीच सोय नाही. असा हौद ठेवला तर तो पाण्यानेच भरणार.

जो ओढतो त्याच्या शरीरात काय होतं?

आता उरलेल्या एकाकडे वळू. आठांतले सात ढिले पडले तरी दोरी ओढायचीच असते. मग जो मनाने प्रामाणिक आहे, तो जास्त ओढतो. तो ओढतो म्हणून पुढचं कामही त्याच्याकडेच येतं. चालत्या बैलालाच पराणी.

सतत ताण असला की शरीर 'संकट आलं' या अवस्थेत राहतं. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तातली साखर चढते, झोप उथळ होते. थोड्या वेळापुरतं हे उपयोगाचं असतं. परीक्षेच्या दिवशी किंवा सुगीच्या आठवड्यात यानेच काम होतं. पण महिनोन् महिने असंच चाललं तर ब्लड प्रेशर खाली यायचं विसरतं, आणि ज्यांना आधीच शुगर आहे त्यांची शुगर ताब्यात राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आढळला, आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. ५५ तास म्हणजे सहा दिवस रोज नऊ तासांहून थोडं जास्त. आपल्या बाजारपेठेतल्या कितीतरी लोकांना हा आकडा मोठासुद्धा वाटणार नाही.

पण फक्त तास मोजून भागत नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा कित्येक वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, व्हाइटहॉल नावाने ओळखला जाणारा. त्यात असं दिसलं की ज्यांना आपल्या कामाबद्दल स्वतः काही ठरवता येत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त होता. कष्ट भरपूर पण दखल शून्य, ही जोडीसुद्धा हृदयाला घातक असते, असं दुसऱ्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून "कामाने कुणी मरत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. माणूस कामाने दमतो आणि झोपून उठला की ताजा होतो. न दिसणाऱ्या, न विचारल्या जाणाऱ्या, संपायचं नाव न घेणाऱ्या कामाने मात्र तो आजारी पडतो.

दोन वह्या

मग प्रत्येकाचा वाटा दिसू लागला की झालं? इथे थोडं थांबू. वाटा दिसणं औषधासारखं आहे. मात्रा आणि हेतू बरोबर असेल तर गुण येतो, चुकला तर विष होतं. आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन वह्या शेजारी ठेवून बघा.

पहिली वही गडचिरोलीतली. १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं, एवढं काम त्या करत. प्रत्येकीचं गाव तिचं, बाळं तिची, नोंदवही तिची. देखरेख करणारे लोक ठरावीक दिवसांनी येऊन ती वही तिच्यासोबत बसून बघत. कुठे अडलं, काय चुकलं, काय शिकायचं राहिलं, हे त्यातून कळे. आधी तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ पहिल्या महिन्यात दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या गल्लीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्यामागे हेच काम आहे.

दुसरी वही ऊसतोडीच्या मुकादमाची. मराठवाड्यातून दर दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत रोज तोड करावी लागते. एक दिवस आजारपणाने बुडाला तर खाडा, म्हणजे दंड. इथेही प्रत्येकाचा वाटा नीट लिहिलेला असतो, एका दिवसाचीही चूक होत नाही. पण वही उघडते ती कापण्यासाठी. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी करवली. ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं अनेक होती: अनारोग्य, चुकीचे सल्ले, गरिबी. पण पाळीच्या त्रासात काम बुडून खाडा पडू नये, हेही त्यातलं एक कारण असल्याचं बायकांनीच सांगितलं.

नोंद दोन्ही वह्यांत आहे. फरक एवढाच की एक वही "तुला काय लागतं?" असं विचारते आणि दुसरी "तू किती बुडवलंस?" असं. तुमच्या दुकानातलं हजेरीपत्रक, शाळेतला तक्ता, ऑफिसातलं टार्गेट यांपैकी कुठल्या वहीसारखं आहे, ते एकदा प्रामाणिकपणे बघा. भीतीने माणूस हजर राहतो. मनापासून काम करतोच असं नाही.

बोलायला जागा

दुसरी गोष्ट बोलण्याची. यात रुग्णालयांनी फार मोठी किंमत मोजून धडा घेतला आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, वॉर्डबॉय अशी टीम असते. चूक होताना पुष्कळदा कुणाला तरी ती दिसलेली असते. पण 'साहेबांना कसं सांगायचं?' म्हणून तोंड उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने यावर १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. पेशंटचं नाव, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी कापसाचे बोळे आणि सुया मोजल्या का, असं सगळं मोठ्याने विचारायचं. त्यात एक साधीशी गोष्टही आहे: सुरुवातीला टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, दिल्लीतल्या एकासह, ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल आले. ऑपरेशननंतरची गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. नाव सांगून कामाला लागलेला माणूस पुढे "साहेब, एक मिनिट थांबा" असं म्हणायला कमी कचरतो.

अमेरिकेतल्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना तर उलटंच काही सापडलं. चांगल्या टीमच्या वॉर्डांत औषधांच्या चुका कमी होत असतील, असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त दिसल्या! कारण हळूहळू उलगडलं. तिथले लोक चुका लपवत नव्हते, सांगत होते, म्हणून त्या दुरुस्त होत होत्या. ज्या दुकानात, ज्या शाळेत "आमच्याकडे कधी काही चुकत नाही" असं म्हणतात, तिथे मला जास्त काळजी वाटते.

तुम्ही टीमचे प्रमुख असाल तर

परतूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं एक पोतं ट्रॅक्टरवरून उतरून शेतकऱ्याच्या हातात पट्टी येईपर्यंत हमाल, मापाडी, मुनीम, आडत्या इतक्यांचे हात लागतात. हीसुद्धा टीमच. तुमची टीम दुकानाची असो, पतसंस्थेची, शाळेची की दवाखान्याची, हे करून बघा:

१. काम सोपवताना नाव घ्या. "कुणीतरी बघून घ्या" असं म्हटलेलं काम एकतर होत नाही, नाहीतर त्याच एकावर पडतं.

२. टीम लहान ठेवा. वीस जणांना एक काम देण्यापेक्षा चार-चार जणांना पाच कामं द्या. दोरी ओढणारे आठ झाले की काय होतं, ते वर पाहिलंच.

३. काम कशासाठी आहे ते दाखवा. पोलिओ लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल आणि त्यात पांढरट चौकोन असतो. लस उन्हात राहिली तर चौकोन गडद होत जातो. गोलाइतका गडद झाला की ती बाटली वापरायची नाही. लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या भरणाऱ्या माणसाला हा चौकोन समजावून सांगा. आपण नुसता बर्फ भरत नाही, बाळांची लस जिवंत ठेवतो, हे कळलं की त्याचा हात वेगळ्या तऱ्हेने चालतो. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्या हाताचाही वाटा आहे.

४. शाबासकी नेमकी द्या. "छान काम केलं सगळ्यांनी" हे हौदातलं पाणी झालं. "काल गर्दीत तू म्हाताऱ्या माणसांना आधी बसवलंस, ते बरं केलंस" असं सांगा, आणि चारचौघांत सांगा. चूक मात्र बाजूला घेऊन सांगा.

५. जो जास्त ओढतो त्याचं ओझं आधी कमी करा. त्याच्या जोरावर टीम चालते हे खरं, पण तो आडवा झाला की टीमच आडवी होते. आठवड्यातून दहा मिनिटं सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: "तुझं कुठे अडतंय?" आणि उत्तर ऐकून निदान एक गोष्ट बदला. नुसतं ऐकून सोडून दिलं तर पुढच्या वेळी कुणी बोलणार नाही.

तुम्ही टीममधले एक असाल तर

सगळं साहेबांवर सोडून चालत नाही. आपला हात ढिला पडतोय का, हे आधी स्वतःला विचारा. माझं काम मी केलं नाही तर ते कुणाच्या अंगावर जातं? त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. 'ऑफिसचं काम' टाळणं सोपं असतं, पण तेच काम शेजारच्या टेबलावरच्या ताईंना रात्री आठपर्यंत थांबवणार असेल, तर टाळणं जड जातं.

आणि तुम्ही जास्त ओढणारे असाल, तर तुमच्यासाठी एक कडू गोळी. "मी केल्याशिवाय नीट होतच नाही" या वाक्यात प्रामाणिकपणा असतो तसा थोडा अहंकारही असतो. तुम्ही सगळं उचलता म्हणून दुसऱ्याला शिकायला मिळत नाही. एक काम दुसऱ्याला द्या, पहिल्यांदा ते ७० टक्केच जमेल, ते सोसा. जास्तीचं काम आलं तर "करतो, पण मग हातातलं कुठलं बाजूला ठेवू?" असं शांतपणे विचारा. हा नकार नाही, हिशेब आहे.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सुट्टीनंतरही न जाणारा थकवा, कामाबद्दल आणि सोबतच्या माणसांबद्दल मनात साचलेला तिटकारा, आणि 'आपल्याला काही जमत नाही' असं सतत वाटणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाशी निगडित अवस्था म्हणून त्याची नोंद केली आहे. तो आळस नाही आणि वेडही नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, उदास वाटत असेल, दारू-तंबाखू वाढली असेल, तर डॉक्टरांना भेटा. मरून जावं असा विचार मनात येत असेल तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यात ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. आणि ब्लड प्रेशरची गोळी सुरू असेल तर 'सीझन संपला की घेईन' असं म्हणून ती बंद करू नका.

खुलभर दूध

दुधाचीच आणखी एक गोष्ट आपल्या घरांत श्रावणी सोमवारी सांगतात, खुलभर दुधाची कहाणी. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचं ठरवलं. धाकाने लोकांनी घरातलं सगळं दूध आणून ओतलं, वासरांना ठेवलं नाही, लेकरांना ठेवलं नाही. गाभारा भरेना. एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या मुलाबाळांना पाजलं, वासरांचं पोट भरलं, आणि उरलेलं खुलभर दूध आणून मनोभावे ओतलं. गाभारा भरला.

हौदाच्या गोष्टीत लोकांनी काहीच दिलं नाही, आणि या गोष्टीत राजाने सगळंच ओरबाडलं. भांडं दोन्हीकडे रिकामंच राहिलं. कामावर आपलं सर्वोत्तम देणं म्हणजे स्वतःला निपटून काढणं नव्हे. झोप, जेवण, औषधाची गोळी, घरच्यांसोबतचा तास, हे आधी. त्यानंतर जे खुलभर उरतं, ते पाणी न घालता, मनापासून ओता. टीममधल्या प्रत्येकाने एवढं केलं तर कुणा एकाला आपल्या घरचं सगळं दूध आणून ओतावं लागणार नाही, आणि ब्लड प्रेशर मोजायला आल्यावर "मी एकटाच" असं म्हणावंही लागणार नाही.